‘धडा’चा ‘घडा’ होऊ नये म्हणून

वस्तीत लग्न असो, वाढदिवस असो, दहावीचा निकाल असो की कबड्डीचे सामने, आधी फ्लेक्स लागतो आणि मग कार्यक्रम होतो. या फ्लेक्सवरची अक्षरे आता साधी राहिलेली नाहीत. कुठे सोन्याची अक्षरे, कुठे दगडात कोरल्यासारखी, कुठे गंजलेल्या पत्र्याची, तर कुठे चक्क पेटलेली! येता-जाता आम्ही हे फलक वाचण्याचा प्रयत्न करीत असतो. ‘प्रयत्न’ हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला आहे, कारण अनेकदा फोटोतली माणसे ओळखू येतात, पण खाली काय लिहिले आहे ते कळत नाही.

ज्यांना झरझर वाचता येते ते अंदाजाने वाचून पुढे जातात. पण आपल्या घरोघरी अशा आया, मावश्या, आज्या आहेत की ज्या चाळिशी-पन्नाशीत अक्षरे शिकल्या. त्या एकेक अक्षर बोटाने धरून, ओठ हलवून वाचतात. त्यांना अंदाज चालत नाही. अक्षर दिसले तर वाचता येते, नाही तर त्या नातवाला विचारतात. फलक कोणासाठी लावायचा, याचा विचार येथून सुरू झाला पाहिजे, असे आमचे मत आहे.

याचा अर्थ नक्षीदार अक्षरे करूच नयेत असा मात्र नाही. उलट, ज्या मुला-मुलींना कॉम्प्युटरची आवड आहे त्यांनी ही कला जरूर शिकावी. तिच्यावर पोट भरता येते. या लेखात ती कशी करतात हे सांगावयाचे आहे आणि कुठे बिघडते तेही.

अक्षराला पोत देणे म्हणजे काय? अक्षराच्या आकाराची खिडकी कापायची आणि त्या खिडकीतून मागचे चित्र दाखवायचे. एवढेच! मागे भिंतीचा फोटो ठेवला तर अक्षर भिंतीचे, गोणपाटाचा ठेवला तर गोणपाटाचे. हे जमते ते ‘लेयर’मुळे. चित्राचे वेगवेगळे भाग एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखे राहतात आणि एकाला हात लावला तरी दुसरा बिघडत नाही. अमेरिकेतील थॉमस नोल या विद्यार्थ्याने १९८७ साली जो प्रोग्रॅम लिहायला घेतला आणि ज्यात त्याचा भाऊ जॉन सामील झाला, तो १९९० मध्ये फोटोशॉप म्हणून बाजारात आला. पण लेयरची सोय त्यात १९९४ च्या आवृत्तीत आली. एकदा अक्षर चित्रावर बसले की ते पुन्हा उचलता येत नसे, असा तो आधीचा काळ होता.

फोटोशॉप आता महिन्याच्या किंवा वर्षाच्या भाड्यानेच मिळते. गरिबाच्या मुलाला ते परवडत नाही म्हणून चोरीची प्रत घातली जाते आणि तिच्याबरोबर व्हायरसही घरात येतो. त्यापेक्षा ‘गिम्प’ शिकावे. बर्कले येथील विद्यापीठाच्या स्पेन्सर किंबॉल व पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये ते सुरू केले. ते आजही फुकट आहे, कायदेशीर आहे आणि साध्या कॉम्प्युटरवर चालते. ज्यांच्याकडे फक्त मोबाइल आहे त्यांनी पिक्सेललॅबसारख्या ॲपवर हात बसवावा. अक्षरात चित्र भरण्याची सोय तेथेही आहे.

आता प्रत्यक्ष काम. समजा वस्तीतल्या अभ्यासिकेसाठी आठ फूट बाय तीन फुटांचा फलक करायचा आहे आणि त्यावर ‘अभ्यासिका’ हा एकच मोठा शब्द आहे. फ्लेक्स लांबून पाहायचा असल्याने इंचाला ७२ ठिपके पुरतात. म्हणजे ९६ इंच गुणिले ७२, रुंदी झाली ६९१२ ठिपके. उंची ३६ गुणिले ७२, म्हणजे २५९२. (लग्नपत्रिका हातात धरून वाचतात, तेथे इंचाला ३०० लागतात. हा हिशेब वहीत लिहून ठेवावा.) बारा मेगापिक्सेलच्या मोबाइलचा फोटो साधारण ४००० ठिपके रुंद असतो. म्हणजे तो पावणेदोन पट ताणावा लागेल. फ्लेक्सला तेवढे चालून जाते. मात्र तोच फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला तर तो लहान होऊन येतो आणि ताणल्यावर त्याचे चौकोन दिसू लागतात. तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा.

फोटो आपला आपण काढावा. इंटरनेटवरून उचललेले चित्र कोणाचे तरी असते. आणि उचलायचे कशाला? जुनी चुन्याची भिंत, गोणपाट, पत्र्याचे दार, डांबरी रस्ता, सुपाची वीण, आजीच्या गोधडीवरचे टाके... एवढे पोत आपल्या घरात आणि दारात पडलेले आहेत. गोधडीचा पोत तर आम्हाला फार आवडतो. पण एक पाहावे. अक्षराच्या एका काठीच्या जाडीत टाक्यांच्या पाच-सहा ओळी तरी बसल्या पाहिजेत. एकच मोठा टाका आला तर तो टाका न वाटता अक्षर फाटल्यासारखे वाटते.

गिम्पमध्ये नवे चित्र घेऊन आधी मजकूर लिहावा. मग ‘ओपन ॲज लेयर्स’ने फोटो आणून तो मजकुराच्या वर ठेवावा. मजकुराच्या लेयरवर उजवे बटण दाबून ‘अल्फा टू सिलेक्शन’ घ्यावे, म्हणजे अक्षराच्या कडेने मुंग्या चालल्यासारखी रेघ दिसते. आता फोटोच्या लेयरवर जाऊन ‘ॲड लेयर मास्क’ म्हणावे आणि त्यात ‘सिलेक्शन’ निवडावे. अक्षराबाहेरचा फोटो नाहीसा होतो. पुसला जात नाही, फक्त झाकला जातो, म्हणून केव्हाही परत आणता येतो. सावली पाहिजे असल्यास ती खालच्या मजकुराच्या लेयरला ‘ड्रॉप शॅडो’ने द्यावी. फोटोशॉपमध्ये काम आणखी सोपे आहे. फोटो वर, मजकूर खाली ठेवायचा आणि दोन लेयरच्या मधल्या रेघेवर ‘आल्ट’ धरून क्लिक करायचे. याला ‘क्लिपिंग मास्क’ म्हणतात. नंतर शब्द बदलला तरी पोत त्यात आपोआप बसतो.

येथवर कोणीही पंधरा मिनिटांत पोहोचतो. खरी परीक्षा पुढे आहे.

इंग्रजीच्या जाड कॅपिटल अक्षरांवर केलेली करामत आपल्या अक्षरांवर जशीच्या तशी चालत नाही. देवनागरीत फरक बारीक जागेत असतो. ‘भ’ आणि ‘म’ यांत ओळखीची खूण कोणती? डोक्यावरची तुटलेली रेघ. ‘ध’ आणि ‘घ’चेही तेच. अक्षराला ‘एम्बॉस’ करून फुगवले, बाहेरून जाड ‘स्ट्रोक’ दिला आणि वर काळी सावली टाकली की ती तुटलेली जागा भरून जाते. मग ‘धडा’चा ‘घडा’ होतो, ‘भान’चे ‘मान’ होते आणि आपल्या फलकावर ‘अम्यासिका’ झळकते! ‘ब’च्या पोटातली तिरपी रेघ बुजली की ‘व’ उरतो. खडबडीत पोतात अनुस्वाराचा टिंब हरवतो आणि ‘चिंता’ची ‘चिता’ होते. वेलांटीचे शेंडे कापले जातात, रफार शेजारच्या अक्षरावर पडतो. ‘महिला दिन’ लिहिताना वेलांटी चुकून पलीकडे गेली तर काय वाचले जाईल, हे आमच्या भगिनींनी सांगण्याची गरज नाही.

उपाय अवघड नाही. स्ट्रोक बारीक ठेवावा. एम्बॉसचा आकडा शून्यापासून हळूहळू वाढवावा आणि ‘भ’च्या डोक्यावरची फट बुजू लागली की तेथून मागे यावे. अनुस्वार हरवत असेल तर त्या टिंबापुरता पोत काढून साधा रंग ठेवावा. कोणाच्या लक्षातही येत नाही.

दुसरी गोष्ट उजेड-अंधाराची. पोताच्या फोटोत काळे डागही असतात आणि पांढरे चट्टेही. मागचा रंग गडद असेल तर पोतातला सर्वांत काळा डागसुद्धा त्या रंगापेक्षा उजळ राहिला पाहिजे, नाही तर त्या डागापाशी अक्षर तुटलेले दिसणार. ‘लेव्हल्स’ उघडून पोताचा काळेपणा कमी करावा. फोटोत पोत फिका वाटेल, पण फलकावर अक्षर वाचता येईल. तपासायला सोपी रीत म्हणजे चित्र मोबाइलवर अंगठ्याच्या नखाएवढे करावे, रंग काढून काळे-पांढरे करावे आणि घरातल्या कोणा वडीलधाऱ्या माणसाला वाचायला सांगावे. ते अडखळले तर त्यांच्या चष्म्याला दोष देऊ नये.

दगडात कोरलेले अक्षर करणाऱ्यांनी एकदा कान्हेरीला किंवा कार्ल्याला जाऊन यावे. तेथले ब्राह्मी लेख समोरून प्रखर उजेड आला की दगडात मिसळून जातात आणि बाजूने तिरपा उजेड आला की उठून दिसतात. उजेड डाव्या-वरच्या बाजूने असेल तर कोरलेल्या, म्हणजे खोल गेलेल्या अक्षराची डावी-वरची कड काळी आणि उजवी-खालची कड उजळ दिसते. उठावाच्या अक्षरात नेमके उलट. फोटोशॉपच्या ‘बेव्हल अँड एम्बॉस’मध्ये ‘अप’ आणि ‘डाऊन’ अशा दोन खुणा आहेत, त्या याचसाठी. आणि फोटोत ऊन उजवीकडून, एम्बॉसचा उजेड डावीकडून असे झाले की पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण सारे खोटे वाटते. सोन्याच्या अक्षराचेही असेच आहे. फ्लेक्सच्या शाईत सोने नसते. फिकट पिवळ्यापासून गडद तपकिरीपर्यंत रंग उतरवत नेला की डोळा त्याला सोने समजतो.

फाँट निवडताना जाड अंगाचा निवडावा, कारण पोताला पसरायला जागा लागते. विंडोजबरोबर येणारा ‘मंगल’ हा र. कृ. जोशी यांच्यासारख्या थोर अक्षरकाराने घडवलेला फाँट आहे, पण तो वाचनासाठी आहे, त्याच्या बारीक काठ्यांत पोत दिसणार नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेले ‘बलू’ आणि ‘मोदक’ हे जाड फाँट फुकट मिळतात. ‘मोदक’ तर इतका लठ्ठ आहे की त्यात फटी मुळातच केसाएवढ्या राहतात. तेथे एम्बॉस टाळावा, नुसता पोत भरावा. फाँट मराठी वळणाचा आहे ना, हे ‘ल’ आणि ‘श’ लिहून पाहावे, आणि ‘दऱ्या’ लिहून त्यातला ‘ऱ्य’ नीट येतो का तेही. पूर्वी फोटोशॉपमध्ये जोडाक्षरे फुटत, म्हणून दुकानदार श्रीलिपी, कृतिदेव असे जुने फाँट वापरीत. आता युनिकोड चालते. अक्षरे फुटलीच तर पॅराग्राफच्या मेनूत ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडावे. गिम्पमध्ये ती अडचण येत नाही.

‘यात्रा वन’ नावाचा आणखी एक फुकट फाँट आहे. मुंबईच्या लोकल स्टेशनांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून तो बेतला आहे. त्या पाट्या ज्यांनी रंगवल्या त्या पेंटर मंडळींची आठवण येथे काढणे आम्हाला आवश्यक वाटते. खडू लावलेला दोर ताणून शिरोरेघ मारायची, चपट्या ब्रशने एका दमात काना ओढायचा, आणि शेड मारताना ‘भ’ची फट मोकळी ठेवायची! फ्लेक्स आला आणि बघता बघता त्यांचे ब्रश वाळले. कोणी वॉचमन झाले, कोणी घरांना रंग देऊ लागले. नाटकांच्या जाहिरातींतली शीर्षके हाताने लिहिणारे कमल शेडगे २०२० मध्ये गेले तेव्हा वर्तमानपत्रांतून त्यांच्यावर भरभरून लिहून आले. गल्लीतल्या पेंटरवर कोण लिहिणार? पण तुमच्या वस्तीत असा कोणी काका अजून असेल तर कॉम्प्युटर शिकणाऱ्या मुलाने त्यांच्या शेजारी बसावे. त्यांच्याकडून एक शब्द कागदावर लिहून घ्यावा, त्याचा फोटो काढून तोच गिम्पमध्ये न्यावा आणि त्यात पोत भरावा. असे अक्षर दुसऱ्या कोणाच्या फलकावर दिसणार नाही.

या कामाचे पैसे मिळतात कसे, हेही पाहिले पाहिजे. पेंटर काकांना अक्षरामागे पैसे मिळत. फ्लेक्सचा भाव चौरस फुटावर ठरतो. त्या भावात कापड आले, शाई आली, मशीन आले, पण अक्षर घडवणाऱ्याची तीन तासांची मेहनत कुठेच नाही. ‘डिझाइन फ्री’ अशी पाटी दुकानाबाहेर असते आणि आत महिन्याच्या तुटपुंज्या पगारावर आपलाच मुलगा रात्री अकरापर्यंत बसलेला असतो. जी मुले स्वतंत्रपणे काम घेतात त्यांनी तरी बिलात दोन ओळी लिहाव्यात. एक छपाईची, चौरस फुटाप्रमाणे. दुसरी अक्षरकामाची, वेगळी. लेयर असलेली मूळ फाइल (गिम्पची एक्ससीएफ, फोटोशॉपची पीएसडी) स्वतःजवळ ठेवावी आणि छापणाऱ्याला फक्त तयार चित्र द्यावे. पुढच्या वर्षी तोच फलक तारीख बदलून पाहिजे म्हणून मंडळाचे कार्यकर्ते येतातच. त्या वेळी ती फाइल उघडायचे किती घ्यायचे, हे आधीच बोलून ठेवावे.