खांबाचा पाय पाहिलात का?



मृग नक्षत्राला आता थोडेच दिवस उरले. आज मात्र शेताविषयी नाही, घराविषयी बोलणार आहे. अंबरनाथ-बदलापूरच्या गावांतून फिरताना अधूनमधून एखादे जुने कौलारू घर पाडलेले दिसते. घरधन्याला विचारावे, तर उत्तर ठरलेले: "साहेब, मातीच्या भिंती, त्यांचा काय भरवसा?"

खरे सांगायचे, तर त्या घराची मदार भिंतींवर कधी नव्हतीच.

तुमच्या घराची बांधणी एकदा नीट पाहा. खाली दगडाचे जोते. त्यावर तळखडे, तळखड्यांवर सागाचे किंवा ऐनाचे खांब, खांबांवर तुळया, वर मधोमध आढे आणि आढ्यापासून पडवीपर्यंत उतरणारे वासे. छपराचा सगळा भार वाशांवरून तुळयांवर, तुळयांवरून खांबांवर आणि खांबांतून दगडात जातो. दोन खांबांमधली भिंत हा नुसता आडोसा. बऱ्याच घरांत तो कारवीच्या काठ्यांचा कूड असतो, वरून शेणमातीने लिंपलेला. सांध्यांत खिळा क्वचितच. एका लाकडाला कुसू काढायचे, दुसऱ्याला भोक पाडायचे आणि लाकडी खुंटी ठोकायची.

हीच रीत विलायतेतल्या शेतकऱ्यांचीही होती. तिथे लाकूड ओक नावाच्या टणक झाडाचे. खांबांमध्ये हेझल झाडाच्या फोका विणून वर माती, शेण आणि पेंढा कालवून लिंपत. म्हणजे आपला कूडच की! सुतार आधी जमिनीवर सांगाडा जुळवीत, प्रत्येक सांध्यावर आकड्याची खूण कोरीत, मग सुटा करून जागेवर उभा करीत. अशी चार-पाचशे वर्षांची घरे तिथे अजून उभी आहेत आणि त्यांत माणसे राहतात. ती निगा राखल्यामुळे टिकली.

आपल्या मुलखात अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चे. ते दगडाचे, म्हणून राहिले. त्या काळच्या रयतेचे एकही घर आपल्यापुढे नाही. लाकूड-मातीचे घर निगा राखली तरच पुढच्या पिढीला दिसते. छपरे तर बदलतच गेली. आधी गवत, मग नळीची कौले. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ती चपटी मंगलोरी कौले कोकणभर पसरली. त्यामुळे वरची कौले पाहून घराचे वय ठरवू नका, खालचे लाकूड त्याहून जुने असू शकते. खांबाला विनाकारण पाडलेले भोक दिसले, तर तो आधी दुसऱ्या घरात उभा असण्याचा संभव आहे. सागाचे मोल तेव्हाही होते. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर ठाणे-कुलाब्याच्या लोकांची गाऱ्हाणी इतकी वाढली, की १८८५ साली मुंबई सरकारला चौकशीसाठी आयोग नेमावा लागला.

आता माझीच चूक सांगतो. २६ जुलै २००५ ला उल्हास नदीचे पाणी आमच्या घरात शिरले. नदीकडचा कूड विरघळला. पाणी ओसरल्यावर पाहतो, तो कारवीच्या काठ्या उघड्या, पण एकही खांब हललेला नाही. वडील म्हणाले, "घर कुठं गेलंय? त्याचे कपडे गेलेत." माती कालवून पुन्हा लिंपू, असे त्यांचे मत. मी पडलो शिकलेला. विटा रचल्या, सिमेंटचा गिलावा केला आणि मजबुतीसाठी म्हणून खांबांच्या पायांभोवती काँक्रीट ओतले.

सहा-सात पावसाळ्यांनी ओटीचा कोपऱ्यातला खांब खचला. काँक्रीट फोडले, तर आत लाकडाचा भुगा. मातीच्या भिंतीत शिरलेली ओल वाऱ्या-उन्हाने बाहेर पडते. सिमेंटने ती आतच कोंडली होती. पुराने जो खांब हलला नाही, तो मी कुजवला. सुताराने तुळईला टेकू देऊन कुजका पाय कापला, निरोगी सागाचा तुकडा सांधला आणि तळखडा उंच केला. वडिलांनी एका शब्दाने टोचून बोलले नाही. भिंतीची माती कालवायला मात्र स्वतः बसले.

म्हणून मृगाआधी एवढे करा. प्रत्येक खांबाच्या पायाशी सुरीचे टोक दाबून पाहा. ते सहज आत गेले, की सुताराला बोलवा. खांबावर वाळवीच्या मातीच्या रेघा दिसल्या, तर त्याच दिवशी खरवडा आणि ती कुठून चढते ते शोधा. तळखड्यावर चढलेली माती उकरून काढा. फुटके कौल बदला, कारण एका कौलाची गळती अख्खा वासा खाते. पागोळ्यांचे पाणी जोत्यापासून दूर जाईल असा चर काढा. आणि मातीच्या भिंतीला शेणमातीच लावा.

घर पाडूच नका, असे मी म्हणत नाही. कुटुंब वाढते, सुनेला वेगळी खोली हवी असते, ते रास्तच आहे. पण भिंत पोपडली म्हणून सांगाडा मोडू नका. आधी जाणत्या सुताराला दाखवा. पाडायचेच ठरले, तर घराचा फोटो काढा, आजीला विचारून कुठली खोली कशाची ते कागदावर मांडा आणि लाकडांवर खडूने आकडे घाला. म्हणजे तोच सांगाडा गोठ्यावर किंवा मळ्यातल्या घरावर पुन्हा उभा राहील. उल्हासनगरचा फर्निचर बाजार आपल्याला जवळ आहे. नवा सागवानी खांब काय भावाने पडतो, ते तिथे विचारून या आणि मगच जुन्या लाकडाचा सौदा करा.

असो. आज संध्याकाळी ओटीवर बसाल, तेव्हा पाठीमागच्या खांबाकडे एकदा वळून पाहा.