पाणी कोणाचे?

पाऊस निसर्गाच्या हाती असला, तरी पाण्याची वाटणी माणसांच्याच हाती असते. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगावी विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीच्या रूपाने हे सत्य व्यवहारात उतरविले. पाण्याचा हक्क जमिनीवर नव्हे, तर माणशी, माणशी अर्ध्या एकरापुरते पाणी, भूमिहीनांनाही वाटा, आणि उसाला बंदी!

आज पावसाचे तंत्र अधिकच बिघडले आहे. २०१४ साली सरकारने 'जलयुक्त शिवार' आणले. नाले खोल झाले; परंतु मुरलेले पाणी उपसावे कोणी, या प्रश्नाला हात घातला गेला नाही. ज्याची विंधनविहीर खोल त्याचे पाणी, हाच न्याय बहुतेक गावांत चालू आहे. हिवरे बाजारने मात्र शेतीसाठी विंधनविहिरींना मज्जाव करून व दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून निराळी वाट दाखविली.

बदलत्या हवामानाशी जुळवून घ्या, असा उपदेश आता सर्वत्र ऐकू येतो. समान वाटपावाचून या उपदेशाचा अर्थ एवढाच, की दुर्बलांनी सोसावे. म्हणून पाण्याचा ताळेबंद आणि भूमिहीनांचा वाटा, या दोन मागण्या कार्यकर्त्यांनी प्रत्येक ग्रामसभेत लावून धरल्या पाहिजेत.