संख्याबळ तुमचे, हिशेब सर्वांचा

हिवाळी अधिवेशन तोंडावर आले की नागपुरात दोन तक्रारी हमखास कानावर येतात. रविभवन आणि आमदार निवासाच्या रंगरंगोटीवर केवढा पैसा उधळला, ही पहिली. विरोधक नुसता गोंधळ घालून दिवस वाया घालवतात, ही दुसरी. पहिली तक्रार रंग वाळेपर्यंत टिकते. दुसरीला मात्र अलीकडे सिद्धान्ताचे रूप आले आहे. तो सिद्धान्त असा : जनतेने कौल दिला, सरकार बसवले; आता पैसा कशावर खर्चायचा आणि घरे कुणाला द्यायची हे सरकार ठरवील. विरोधकांचे प्रश्न म्हणजे हरलेल्यांचे रडगाणे. त्यातून एक वीटही रचली जात नाही.

हा सिद्धान्त तपासायला दिल्ली-मुंबईला जायची गरज नाही. नागपुरातलेच एक प्रकरण पुरेसे आहे.

उमरेड रोडवर हरपूर भागात नागपूर सुधार प्रन्यासची सुमारे साडेचार एकर जमीन आहे. झोपडपट्टीवासीयांच्या घरांसाठी ती राखलेली होती. प्रन्यासच्या जमीनवाटपाविषयी २००४ पासून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका सुरू होती. तरीही एप्रिल २०२१ मध्ये तत्कालीन नगरविकास मंत्री एकनाथ शिंदे यांनी ही जमीन १६ खासगी व्यक्तींना देण्याचा आदेश काढला. पुढे शिंदे मुख्यमंत्री झालेले असताना, १४ डिसेंबर २०२२ रोजी खंडपीठाने परिस्थिती ‘जैसे थे’ ठेवायला सांगितले. पाच दिवसांनी अधिवेशन सुरू झाले. विधान परिषदेतले तेव्हाचे विरोधी पक्षनेते अंबादास दानवे यांनी विषय उचलला : ८३ कोटींची जमीन दोन कोटींच्या आत कशी जाते? सभागृह दणाणले आणि तहकूबही झाले. शिंदे यांचा खुलासा असा की, प्रन्यासच्या निर्णयावर अपील आले, ते ऐकून आपण आदेश दिला. प्रकरण न्यायालयात असल्याचे कुणी निदर्शनास आणले नाही. कळताच १६ डिसेंबरला आदेश मागे घेतला. न्यायालयाने त्याची नोंद घेतली. काही असो, आदेश रद्द झाला आणि जमीन राहिली.

आता यावरचे आक्षेप एकेक करून पाहू.

पहिला आक्षेप बिनतोड वाटतो. एप्रिल २०२१ मध्ये राज्य महाविकास आघाडीचे होते आणि मुख्यमंत्री होते उद्धव ठाकरे. मग त्यांच्याच पक्षाच्या दानवे यांनी हा प्रश्न कोणत्या तोंडाने विचारावा? आक्षेपातली वस्तुस्थिती खरी आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. विचारणाऱ्याचे हात स्वच्छ नसतील तर त्याचीही चौकशी करा. त्याने जमिनीची किंमत बदलत नाही. साडेचार एकर नागपूरकरांची आहे, ती ना ठाकरेंची ना शिंदेंची. उलट दोन्ही बाजू एकाच निर्णयाच्या जवळपास उभ्या असतात तेव्हा सभागृहातला जाहीर प्रश्न अधिकच मोलाचा ठरतो, कारण बंद दाराआडची समजूत तिथे चालत नाही.

दुसरा आक्षेप : प्रकरण न्यायप्रविष्ट होते, आदेशही मागे घेतलेला होता, मग गदारोळ कशाला? न्यायालय आदेश कायदेशीर आहे की नाही ते पाहते. गरिबांच्या घरांची जमीन कोणत्या दराने द्यावी आणि न्यायालयात चाललेल्या प्रकरणाची फाइल मंत्र्यांपर्यंत ती माहिती न घेता पोहोचतेच कशी, हे प्रशासनाचे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे सरकारला विधिमंडळातच द्यावी लागतात. याच शहरात ‘५७२’ आणि ‘१९००’ या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या ले-आउटमधली कुटुंबे हजार-दीड हजार चौरस फुटांच्या भूखंडाच्या डिमांडची रक्कम भरून नियमितीकरण पत्र (आर.एल.) मिळावे म्हणून प्रन्यासच्या पायऱ्या झिजवत आली आहेत. त्यांच्या फायलीत एक कागद कमी असला तरी तो कुणाच्या तरी नक्की लक्षात येतो. साडेचार एकरांच्या फायलीत याचिकेचा उल्लेखच सुटतो. मग शिंदे यांचा खुलासा खरा मानला, तर प्रश्न संपत नाही, वाढतो.

तिसरा आक्षेप भावनेला हात घालतो : खर्चाविषयी विचारणारे गरीबविरोधी आहेत, लाडक्या बहिणींचे दीड हजार त्यांना खुपतात. उत्तर सत्ताधाऱ्यांच्याच घरातून आले आहे. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय खात्याचा ४१० कोटींचा निधी त्या योजनेकडे वळवला, तेव्हा जाहीर नाराजी व्यक्त केली ती खुद्द त्या खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांनी. अनुसूचित जातींच्या कुटुंबांना घर देणारी रमाई आवास योजना याच खात्याची. एका गरिबाच्या नावाने दुसऱ्या गरिबाच्या खात्यात हात घातला जातो, तेव्हा किती वळवले, कोणत्या शीर्षातून वळवले आणि भरून कधी देणार, असे विचारणारा माणूस गरीबविरोधी कसा? मंत्र्याने तक्रार केली तर व्यथा आणि विरोधकाने केली तर राजकारण, असा दुहेरी न्याय चालणार नाही.

चौथा आक्षेप सर्वांत घातक आहे, कारण तो संख्येच्या आड लपतो. एकाही विरोधी पक्षाकडे दहा टक्के आमदार नाहीत, म्हणून विरोधी पक्षनेताच नको. २०२४ च्या निवडणुकीनंतर विधानसभेत हे पद रिकामे राहिले. ऑगस्ट २०२५ मध्ये दानवे यांची मुदत संपल्यावर परिषदेतलेही रिकामे झाले. ८ ते १४ डिसेंबर २०२५ चे नागपूर अधिवेशन दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेत्याविना उरकले. महाराष्ट्राच्या १९७८ च्या कायद्यानुसार विरोधी पक्षनेता म्हणजे सर्वाधिक सदस्य असलेल्या विरोधी पक्षाचा, अध्यक्ष किंवा सभापतींनी मान्यता दिलेला नेता. टक्केवारीची अट त्यात नाही. १९८५ च्या विधानसभेत जनता पक्षाचे २० आणि शेतकरी कामगार पक्षाचे १३ आमदार निवडून आले होते. तरी पुढे या पक्षांचे निहाल अहमद आणि दत्ता पाटील विरोधी पक्षनेते झाले. २०१५ मध्ये दिल्लीत ७० पैकी तीनच आमदार असलेल्या भाजपच्या विजेंदर गुप्तांनाही हे पद मिळाले. जे दिल्लीत तिघांना चालले, ते इथे शिवसेनेच्या ठाकरे गटाच्या विसांना का चालू नये?

आणि डिसेंबर २०२५ च्या याच सात दिवसांच्या अधिवेशनात ७५,२८६ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. त्याआधी जुलैमध्ये ५७,५०९ कोटी आले होते. मार्चमध्ये सात लाख कोटींचा अर्थसंकल्प मांडायचा आणि वर्ष सरायच्या आत त्याच्या एकोणीस टक्क्यांइतकी भर मागायची! ढोबळ आकडा आणि तिजोरीवरचा निव्वळ भार यांत फरक असतो, हे मान्य. पण तो फरक मंत्र्याकडून वदवून घ्यायला समोर कुणीतरी अधिकाराने उभा हवा ना? २०२५-२६ साठी ९ लाख ३२ हजार कोटींच्या कर्जाचा अंदाज असलेल्या राज्यात ही चैन परवडणारी नाही.

इथवर खंडन झाले. आता माझी बाजू.

माझे म्हणणे एवढेच की, सार्वजनिक पैशावर विधिमंडळाचा ताबा चालतो तो प्रश्नाच्या बळावर. मतदानात बहुमत जिंकणारच. पण मतदानाआधी उत्तर देण्याची सक्ती बहुमतालाही आहे. हे सत्ताधाऱ्यांना कुणी शिकवण्याची गरज नाही. सिंचनावरचा खर्च आणि गोसीखुर्द प्रकल्पाचा ३७२ कोटींवरून हजारो कोटींवर गेलेला आकडा यांवर २०१२ मध्ये रान उठवणाऱ्यांत देवेंद्र फडणवीस अग्रभागी होते. विरोधी पक्षनेते असताना त्यांनी अर्थसंकल्प सोप्या भाषेत समजावणारे पुस्तक लिहिले. तेव्हा आकडे विचारणे लोकहिताचे होते, तर आजही आहे.

म्हणून तीन गोष्टी व्हाव्यात. दोन्ही सभागृहांत सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाच्या नेत्याला मान्यता मिळावी. पुरवणी मागण्यांसोबत प्रत्येक खात्याने कुठून पैसा वळवला आणि निव्वळ भार किती, हे आधी छापून द्यावे. आणि घरकुलांचा हिशेब मंजुरीपत्रांत नको, छत पडलेल्या घरांत द्यावा. २२ फेब्रुवारी २०२५ रोजी पुण्यात अमित शहा यांच्या हस्ते राज्यातल्या २० लाख कुटुंबांना मंजुरीपत्रे आणि १० लाखांना पहिला हप्ता देण्याचा सोहळा झाला. दर अधिवेशनात या २० लाखांपैकी किती घरे राहती झाली, किती हप्त्यांअभावी अडली आणि किती जणांना जागाच नाही, हे जिल्हावार सांगायला हरकत काय?

विरोधकांनाही मोकळे सोडता येणार नाही. पायऱ्यांवर संत्र्यांच्या माळा घालून कॅमेऱ्यासमोर उभे राहणे सोपे आहे; लक्षवेधीला आलेले उत्तर पुढच्या अधिवेशनात काढून दाखवणे कठीण. हरपूरच्या जमिनीवर आवाज उठवला, तर तिथे झोपडपट्टीवासीयांची घरे केव्हा उभी राहणार हे विचारणेही त्यांचेच काम. राजीनाम्याची मागणी करून विषय सोडणाऱ्याने अर्धेच काम केले असे म्हणावे लागेल.

१९५३ च्या नागपूर कराराने सरकारला या शहरात यायला लावले. यजमान म्हणून आम्ही रस्ते बंद सोसतो, मोर्च्यांची गर्दी सोसतो. त्या बदल्यात आम्हाला हवे ते सभागृहात नाव-गाव-आकड्यानिशी विचारलेले प्रश्न आणि त्याच सभागृहात मिळालेली लेखी उत्तरे. ही देण्याची तयारी नसेल, तर बहुमत कितीही मोठे असो, ते सरकार बेहिशेबीच म्हटले जाईल.