विश्लेषण : विंचूदंशावर गोळी की लस? महाडच्या चाचणीचे उत्तर

भातकापणीच्या दिवसांत पेंढ्याखालून, जांभ्याच्या गडग्यातून निघणारा लाल विंचू केळशीकरांना नवा नाही. त्याच्या दंशाने माणूस दगावतो तो वेदनेने नव्हे, तर बहुधा फुप्फुसांत पाणी भरून. अतिदक्षता विभाग गावापासून दूर, त्यामुळे पहिल्या काही तासांत काय दिले जाते यावर सारे अवलंबून.

दंशानंतर काय घडते?

विषामुळे अॅड्रेनलिनसारखी संप्रेरके शरीरात एकदम उसळतात. दरदरून घाम, लाळ, गार पडलेले हातपाय, चढलेला रक्तदाब. पुढे हृदय थकते, खोकल्यातून गुलाबी फेस येतो. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के दगावत. रायगड जिल्ह्यातील बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी हा क्रम टिपला. रक्तदाबावरील प्राझोसिन ही साधी, स्वस्त गोळी त्यावर चालते, हे त्यांनी १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. मृत्यू झपाट्याने घटले.

मग चाचणी कशासाठी?

प्राझोसिन विषाचा परिणाम रोखते, विष नष्ट करत नाही. ते काम प्रतिविष लशीचे. पण ट्युनिशियातील आठशेहून अधिक रुग्णांच्या चाचणीत (१९९९) सरसकट लस देऊन फायदा दिसला नव्हता. उलट अमेरिकेतील अॅरिझोनात अतिदक्षता विभागातील १५ मुलांवरील चाचणीत (२००९) लस मिळालेली आठही मुले चार तासांत लक्षणमुक्त झाली. विंचवांच्या जाती वेगळ्या, रुग्णही वेगळे. ट्युनिशियात सौम्य दंशाचे रुग्णही होते. कोकणातील प्रश्नाचे उत्तर कोकणातच शोधावे लागणार होते.

बावस्कर दाम्पत्याने महाडला ७० रुग्णांचे चिठ्ठीपद्धतीने दोन गट केले. प्राझोसिन दोन्ही गटांना. ते नाकारणे अनैतिकच ठरले असते. लस मात्र एकालाच. दहा तासांनी लस मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण पूर्ण बरे होते, दुसऱ्या गटात फक्त आठ. २०११ मध्ये ‘बीएमजे’ने हे निष्कर्ष छापले.

त्रुटी कोणत्या?

कोणाला लस दिली, हे डॉक्टरांना ठाऊक होते. रुग्णसंख्या लहान. दोघांना लशीची तीव्र अॅलर्जीही आली, म्हणजे ती देणाऱ्याकडे त्यावरचा उपचार तयार हवा. दुर्गम उपकेंद्रात हे अवघड. गोळीचे तसे नाही. ती आरोग्य केंद्रातच सुरू करून रुग्णाला पुढे पाठवता येते. फक्त गोळीनंतर त्याला आडवेच ठेवावे लागते, कारण उठून बसताच रक्तदाब घसरू शकतो. खाचखळग्यांच्या रस्त्याने निघालेल्या रिक्षात नेमके हेच विसरले जाते.