ते फोड उष्णतेचे नव्हते

संकेश्वरच्या आठवणी निघाल्या की हिरण्यकेशीत डुंबणं, मे महिन्यातले आंबे आणि पोरांच्या तोंडावरचे फोड, तिन्ही एकाच कौतुकानं सांगितले जातात. "आमच्या वेळी कुठलं डॉक्टर ओ? उष्णता बाहेर पडायची, खपली धरायची, बरं व्हायचं." पहिल्या दोन आठवणी खुशाल जपा. तिसरीचं कौतुक बंद करा.

ते उष्णतेचं नव्हतंच. नाकाखाली, हनुवटीवर फोड फुटतात आणि वर मधासारखी पिवळी खपली धरते, त्याला डॉक्टर इम्पेटिगो म्हणतात. स्टॅफिलोकोकस नाहीतर स्ट्रेप्टोकोकस या जंतूंचं काम. डास चावून खाजवलेल्या जागेतून, खरजेतून ते आत शिरतात आणि हात लागेल तिथं पसरतात. आपण सरसकट ओली खरूज म्हणायचो, शेजारच्या कन्नड काकू कज्जी म्हणायच्या. औषध दोन्हीकडं एकच, हळद नि खोबरेल. आणि अख्ख्या घराला एक पंचा! एकाला झालं की आठवड्याभरात सगळी भावंडं रांगेत. त्यावर उत्तर तयार असायचं: आंबे सगळ्यांनीच खाल्ले नव्हं?

"आपोआप बरं व्हायचं" हे बहुतेकांचं खरं. माझ्या आतेभावाचं नाही. फोड वाळून तीनेक आठवडे झाले आणि त्याचं तोंड सुजलं. घरात म्हणाले, पोरगं बाळसं धरतंय. लघवी कोऱ्या चहासारखी झाली तेव्हा बेळगावला नेलं. स्ट्रेप्टोकोकसच्या फोडांमागून मूत्रपिंडांना येणारी सूज. महिनाभर अळणी जेवण. वाचला. पण आत्यापुढं त्या फोडांच्या गमती सांगून बघा एकदा.

आता हळद मागं पडली, मेडिकलमधली "सगळ्यावर चालणारी" ट्यूब आली. तिच्यात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. खाज थांबते, लाली उतरते, आणि जंतूंना मोकळं रान मिळतं. 2018 साली सरकारनं चौदा स्टिरॉइडांच्या मलमांना डॉक्टरच्या चिठ्ठीची सक्ती केली. आपण मात्र काउंटरवर "मागच्या वेळची तीच द्या" म्हणतो. शिकलेली माणसं!

खपली कोमट पाण्यानं नि साबणानं भिजवून काढा, डॉक्टर देतील तेच मलम लावा, पोराचा टॉवेल वेगळा ठेवा, नखं कापा. खाली खरूज असेल तर तिचं औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं, आजोबांनीसुद्धा, "मला कुठं खाजतंय?" ऐकून घ्यायचं नाही. आणि औषध सुरू झाल्यावर एक-दोन दिवस शाळा बुडू द्या. चाचणी असली तरी.