दोन विजय

सांगलीत ११ मार्च १९१५ रोजी जन्मलेले विजय हजारे आणि मुंबईचे विजय मर्चंट यांची चुरस भारतीय क्रिकेटने पाहिलेली सर्वांत देखणी चुरस होय. हजारे सुमारे साडेतीन वर्षांनी धाकटे.

१९४३मध्ये धर्मनिहाय पाच संघांच्या पंचरंगी स्पर्धेत ‘रेस्ट’ (इतर) संघाकडून हजाऱ्यांनी २४८ धावा काढून मर्चंट यांचा स्पर्धेतील सर्वोच्च खेळीचा विक्रम मोडला. अंतिम सामन्यात हिंदू संघाकडून मर्चंट यांनी नाबाद २५० धावांचे उत्तर दिले. फॉलोऑन मिळालेल्या ‘रेस्ट’ संघाच्या दुसऱ्या डावात हजारे एकटेच लढले: ३८७ पैकी ३०९ धावा त्यांच्या. भाऊ विवेकबरोबर ३०० धावांची भागीदारी झाली, त्यात विवेकच्या जेमतेम २१. विवेकने फक्त एक टोक धरून ठेवले. सामना मात्र हिंदू संघानेच जिंकला आणि त्याच हंगामात मर्चंट यांनी महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ धावा केल्या.

नोव्हेंबर १९५१च्या दिल्ली कसोटीत इंग्लंडसमोर कर्णधार हजारे होते आणि चाळिशीतले मर्चंट त्यांच्या हाताखाली खेळले. दोघांनी मिळून २११ धावा जोडल्या. मर्चंट यांच्या १५४ धावा ही भारतीयाची तोवरची सर्वोच्च कसोटी खेळी; हजाऱ्यांनी त्याच डावात नाबाद १६४ करून ती मागे टाकली. क्षेत्ररक्षणात खांदा दुखावल्याने मर्चंट यांची ती अखेरची कसोटी ठरली. फेब्रुवारी १९५२मध्ये मद्रासला हजाऱ्यांच्या संघाने भारताचा पहिला कसोटी विजय मिळवला, एक डाव ८ धावांनी.