जगात जर्मनी, भारतात परभणी!

परवा ऑफिसात सीक्रेट सांताच्या चिठ्ठ्या निघाल्या. 'सोबत कार्ड पण देऊ या का?' मी विचारलं. शेजारच्या क्युबिकलमधून उत्तर आलं, 'कार्ड कशाला? वॉट्सॲप आहे ना!' मी गप्प बसले. बोलणार कुठल्या तोंडाने? मागच्या नाताळला मीच एक लुकलुकणारं झाड सगळ्या कॉन्टॅक्ट लिस्टला फॉरवर्ड केलं होतं. त्यात सिस्टर मावशीही होत्या.

सिस्टर मावशी म्हणजे परभणीच्या आमच्या शेजारी. पेशाने नर्स. गल्लीतलं एकुलतं एक ख्रिस्ती घर त्यांचं. डिसेंबर लागला की आम्हा पोरांचा मुक्काम त्यांच्या ओट्यावर. सामान काय? आकाशकंदिलाचे उरलेले पतंगी कागद, जुनी कॅलेंडरं, कात्री आणि घरची खळ. परभणीत थंडी कडाक्याची, पण बर्फ कुठून आणणार? मग आमच्या शेतातला कापूस यायचा. सरकी काढायची, बोटांनी पिंजायचा आणि फांदीवर पसरायचा. झाला नाताळ!

मावशींचं हाती केलेलं कार्ड गल्लीतल्या प्रत्येक घरी जायचं. आत प्रत्येकाला वेगळी ओळ. माझ्या दहावीच्या वर्षी होती, 'कागदाचा तारा जमला, त्याला भूमितीही जमते.'

गंमत म्हणजे ते खरंच निघालं. नाताळचा तो अनेक टोकांचा प्रसिद्ध कागदी तारा १८३० च्या दशकात जर्मनीतल्या नीस्की गावच्या मोरावियन शाळेत जन्मला, तोही भूमितीचा धडा म्हणून! आमची 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण इतकी फिट्ट बसेल असं वाटलं नव्हतं.

आणि कार्ड? लंडनच्या हेन्री कोल या सरकारी अधिकाऱ्याला १८४३ च्या नाताळात सगळ्यांना पत्रं लिहायला सवड नव्हती. त्याने जॉन हॉर्स्ली या चित्रकाराकडून चित्र काढून घेतलं आणि हजार कार्डं छापली. म्हणजे छापील कार्ड हाच मुळात बिझी माणसाचा शॉर्टकट. पहिला फॉरवर्डच म्हणा ना!

गेल्या वर्षी मावशींचं कार्ड आलं नाही. माझ्या लक्षात आलं ते थेट फेब्रुवारीत. फोन केला.

'बोटं ऐकंनात ग आता. कात्री धरवंना,' त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, 'तुझं झाड आलं होतं मोबाइलवर. छान होतं. सगळ्यांचं तेच आलं.'

रागाने नाही हं, सहज म्हणाल्या. म्हणूनच जास्त लागलं.

तर यंदा कात्री माझ्या हातात. तुम्हीही घ्या. अर्धा तास पुरतो.

तारा: १५ सेंटिमीटरचा चौकोनी कागद घ्या. उभी, आडवी आणि दोन्ही तिरक्या घड्या घालून उघडा. उभ्या-आडव्या घड्यांवर चारही कडांकडून मध्याच्या निम्म्यापर्यंत कापा. आता प्रत्येक कोपऱ्याच्या दोन्ही कापलेल्या बाजू तिरक्या घडीकडे वळवून एकीवर एक चिकटवा. टोकदार पाकळी उभी राहते. असे दोन तारे पाठीला पाठ लावून जोडा, एकाची टोकं दुसऱ्याच्या फटींत येऊ द्या. आठ टोकांचा तारा तयार!

कार्ड: जाड कागदाला मधोमध घडी. वर हिरव्या कागदाच्या पाच पट्ट्या, खाली लांब, वर आखूड होत जाणाऱ्या. झालं झाड. वर कापसाची चिमूट. पुण्यात असाल तर शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेची आठवण ठेवा. १९४० पासूनची ही संस्था सुती चिंध्यांपासून कागद करते. कापूसवाल्या जिल्ह्यातल्या मुलीला आणखी काय हवं?

मात्र आतली ओळ महत्त्वाची. ती ज्याची त्यालाच लागू पडली पाहिजे. दुसऱ्या कुणाला पाठवता आली, तर खोडा आणि परत लिहा. आणि हो, पोस्टात आठवडाभर आधी टाका.

माझा पहिला तारा चक्क वाकडा झालाय. एक टोक लांब, एक आखूड. तोच मावशींना पाठवतेय. आत लिहिलंय, 'भूमिती अजून कच्ची आहे. पुढच्या डिसेंबरात ओट्यावर बसून शिकवा. कात्री मी धरते.'